घर वाढवणार कोण?

फायबर सिमेंटच्या तयार भिंती दौंड तालुक्याच्या दारापर्यंत आल्या आहेत. त्या घ्याव्यात की नाही, हा प्रश्न केवळ चौरस फुटाच्या दराचा नाही.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले आणि चौफुला मागे टाकला, की वरवंडच्या अलीकडे-पलीकडे घरांचे दोन जमाने शेजारी शेजारी उभे दिसतात. गावठाणात अजून तग धरून असलेली दगडमातीची, धाब्याची आणि कौलांची घरे हा पहिला. कालव्याचे पाणी, ऊस आणि गुऱ्हाळे यांनी हातात पैसा दिल्यावर उभे राहिलेले विटा-स्लॅबचे बंगले हा दुसरा. तिसरा जमाना अजून उंबऱ्याबाहेर आहे. हमरस्त्यावरची हॉटेले, दुकाने आणि कारखान्यांच्या कचेऱ्या यांसाठी ट्रकमधून उतरवून आठवडाभरात उभ्या करायच्या तयार भिंती आता राहत्या घरासाठीही विचारल्या जाऊ लागल्या आहेत. विचारणारा माणूस बहुधा असा असतो, की ज्याच्या हातात प्रॉव्हिडंट फंडाचे, जमिनीच्या मोबदल्याचे किंवा चार हंगाम साठवलेल्या उसाच्या बिलाचे पैसे एकदाच येणार आहेत. आपल्याकडचा सामान्य माणूस आयुष्यात एकच घर बांधतो. त्यामुळे घर बांधण्याचा अनुभव त्याला येतो तो घर बांधून झाल्यावर. म्हणूनच या नव्या भिंतीची चर्चा विक्रेत्याच्या रंगीत पुस्तिकेवर सोडून भागणार नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. दोन बाजूंना फायबर सिमेंटचे पातळ बोर्ड आणि त्यांच्यामध्ये आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्याचा गाभा, असे हे पॅनेल. बोर्डाचा बाहेरचा पृष्ठभाग कारखान्यातच रंगवून किंवा मुलामा देऊन आला, की गिलावाही नको आणि रंगाऱ्याचीही वाट पाहायला नको. कल्पना नवी नाही. दोन पातळ फळ्या गाभ्याला चिकटवल्या की तिन्ही मिळून एखाद्या तुळईसारखे वजन पेलतात, हे अमेरिकेतल्या मॅडिसनच्या सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेने १९३५ च्या सुमारास घर बांधून दाखवले होते. फायबर सिमेंट त्याहून जुने. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक याने सिमेंटात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळून पत्रे करण्याची रीत काढली. आजच्या चांगल्या बोर्डात अ‍ॅस्बेस्टॉसच्या जागी लाकडाच्या लगद्याचे तंतू असतात. हे बोर्ड करणारा विशाका इंडस्ट्रीजचा कारखाना दौंड तालुक्यातच देलवाडीला आहे आणि एव्हरेस्टचा नाशिक जिल्ह्यात लखमापूरला. म्हणजे वरवंडच्या माणसाला ही वस्तू परदेशी म्हणून नाकारण्याची सोय राहिलेली नाही. काही वेळा विटेची गाडी जितक्या लांबून येते, तितक्याच अंतरावरून हा बोर्ड येऊ शकतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. या भिंतीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत या पट्ट्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा वाजताही खोलीत उष्णता ओतत असतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला उष्णतारोधक गाभ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. थर्माकोलमधून उष्णता विटेच्या मानाने फारच सावकाश जाते. दुसरी गोष्ट पाण्याची. विटकाम, गिलावा आणि काँक्रीट यांच्यावर निदान सात ते दहा दिवस पाणी मारावे लागते, आणि गावात बांधकामाचा हंगाम असतो तो ऊसतोड संपल्यापासून पाऊस येईपर्यंतचा, म्हणजे नेमका पाणीटंचाईचा. कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसलेल्या गावात भिंतींना टँकरने पाणी पाजण्याचा प्रसंग टळला तर ते लहानसहान नव्हे. तिसरी गोष्ट जागेची. बाहेरून वीस फूट बाय तीस फूट असलेल्या घराच्या नऊ इंची भिंती चार इंची झाल्या, तर आत सुमारे चाळीस चौरस फूट जागा वाढते. एक बऱ्यापैकी न्हाणीघर त्यात बसते.

आणि चौथी गोष्ट वजनाची, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. गिलाव्यासकट नऊ इंची विटेच्या भिंतीचे वजन चौरस मीटरला चारशे किलोच्या पुढे जाते. पॅनेलचे त्याच्या आठवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी हजारो माणसे गेली, त्यांतली बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड धाबे अंगावर कोसळून गेली. भूकंपात घर स्वतःच्या वजनाने मरते आणि मारते. हलकी, नीट बांधून घेतलेली भिंत हे त्या रात्रीचे एक उत्तर आहे.

इतके सगळे खरे असूनही मी कोणाला डोळे मिटून हे पॅनेल घ्या असे सांगणार नाही. कारण घर निवडताना जे प्रश्न विचारायला हवेत ते पुस्तिकेत नसतात.

एक नाव, दोन वस्तू

बाजारात ‘सँडविच पॅनेल’ या एकाच नावाखाली किमान दोन वस्तू विकल्या जातात. एकीत दोन बोर्डांमध्ये निव्वळ थर्माकोल असतो. तो योग्य गोंदाने, योग्य दाबाखाली चिकटवलेला असेल तर पॅनेल स्वतः छताचा भार पेलू शकते. दुसरीत थर्माकोलचे मणी मिसळलेले सिमेंट भरलेले असते. ती अधिक टणक, आगीला अधिक दाद न देणारी. पण उष्णता अडवण्यात पहिलीहून कमी. आणि मुख्य म्हणजे ती बहुधा लोखंडी किंवा काँक्रीटच्या सांगाड्यात नुसती भरायची भिंत असते. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ रोजी ज्या सहा ‘लाइट हाउस’ प्रकल्पांची पायाभरणी केली, त्यांतला इंदूरचा १,०२४ घरांचा प्रकल्प अशाच पॅनेलचा आहे. तिथे इमारत उभी आहे ती पोलादी सांगाड्यावर. पॅनेलने फक्त आडोसा केला आहे.

हा फरक न कळता एखाद्याने दुसऱ्या जातीच्या पॅनेलवर थेट स्लॅब टाकला किंवा पहिल्या जातीच्या पॅनेलला विटेची भिंत समजून वर मजला चढवला, तर दोष पॅनेलचा नाही. म्हणून पहिला प्रश्न असा: ही भिंत भार पेलणारी आहे की नुसती भरायची? उत्तर तोंडी नको. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचे हवे. दुसरा प्रश्न: बोर्डात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का? आपल्या देशात अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे छपराचे पत्रे आजही बनतात आणि विकले जातात. तेव्हा ‘सिमेंटचा पत्रा’ आणि ‘फायबर सिमेंट बोर्ड’ हे शब्द ऐकून दोन्ही एकच समजू नयेत, आणि दोन्ही वेगळेच असतील असेही गृहीत धरू नये. लेखी विचारावे. अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला बोर्ड कापतानाही जी भुकटी उडते तिच्यात सिलिका असते आणि ती फुप्फुसात साठते. यंत्राने धूळ उडवत बोर्ड कापणाऱ्या पोराच्या तोंडाला नुसता रुमाल असेल, तर ते काम थांबवण्याचा अधिकार घरमालकाला आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे.

भिंत हलकी, माती मात्र तीच

तिसरा प्रश्न मातीचा. वरवंड परिसरात जिथे काळी खोल आहे तिथे ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. जड घर आपल्या वजनाने या फुगण्याला थोडेफार दाबून धरते. हलक्या घराला ती माती सहज उचलते. म्हणजे ‘भिंत हलकी, सबब पाया स्वस्त’ हे जे गणित मांडले जाते, ते मुरमाड जमिनीत खरे ठरेल आणि काळ्या रानात उलटेल. अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने फार पूर्वी बसवून दिला आहे. निदान काळी उपसून मुरूम भरून धुमसून घ्यायला तरी हवा. हलके घर जोत्याला बोल्टांनी पक्के जखडावे लागते, कारण वळवाच्या वाऱ्यापुढे त्याचा हलकेपणा हाच दोष ठरतो. या खर्चाचा आकडा पॅनेलच्या दरात नसतो.

चौथा प्रश्न डोक्यावरचा. एकमजली घरात सर्वाधिक ऊन छपरातून आत येते. चारी भिंती महागड्या पॅनेलच्या आणि वर साधा पत्रा, असे घर म्हणजे अंगात स्वेटर घालून डोके उन्हात ठेवणे. पैसा थोडा असेल तर तो आधी छपरात घालावा, मग पश्चिमेच्या भिंतीत, आणि उरला तर बाकीच्या भिंतींत. शिवाय उष्णता अडवणारी भिंत आत आलेली उष्णताही अडवून धरते. स्वयंपाकघराची चिमणी, रात्रीचा वारा खेळेल अशा समोरासमोरच्या खिडक्या आणि पुढची पडवी यांना पॅनेल हा पर्याय नाही. जुन्या वाड्यातला गारवा एकट्या जाड भिंतींमुळे नव्हता. त्यात चौकाचा आणि सोप्याचाही वाटा होता.

जोडांचा इतिहास

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहितो आहे त्याकडे येतो. तयार घरांचा आपला अनुभव काय सांगतो?

स्वातंत्र्यानंतर निर्वासितांच्या घरांसाठी दिल्लीत सरकारने तयार घरांचा कारखाना काढला. ओटो कोनिग्सबर्गर यांच्यासारखा जाणता वास्तुविशारद त्या योजनेत होता. पण तिथली काँक्रीटची पॅनेले तडकू लागली, घरे ठरल्याप्रमाणे निघाली नाहीत आणि योजना बारगळली. कारखान्याला पुढे दुसरी कामे शोधावी लागली. कागदावर निर्दोष असलेली भिंत उन्हात आणि वाहतुकीत कशी वागते, हे आधी पाहिले गेले नव्हते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. पुण्यात पूरग्रस्तांसाठी निसन हट उभ्या राहिल्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी काढलेली ही अर्धगोल झोपडी तात्पुरती म्हणून आली आणि माणसांनी तिच्यात दशके काढली. गोल भिंतीला कपाट टेकत नाही आणि देवाची तसबीरही सरळ लागत नाही. तरी लोकांनी पुढे पडवी काढली, मागे मोरी केली, आत पोटमाळा घातला. किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसली. काँक्रीटची घरे आली, काही ठिकाणी घुमटाकारही आली. भूकंपाला ती पुरून उरतील अशीच बांधली होती. पण शेतकऱ्याला गोठा लागतो, बाहेर चूल लागते, बैलगाडी वळेल एवढे अंगण लागते आणि मुलाचे लग्न ठरले की एक खोली लागते. मग लोकांनी त्या घरांना पत्र्याची शेड जोडली, मिळेल त्या सामानाने खोल्या काढल्या. घर बांधणाऱ्यांच्या लेखी काम संपले होते. राहणाऱ्यांच्या लेखी ते सुरू झाले होते.

आपल्याकडे घर एकदा विकत घेऊन संपत नाही. ते वाढते. आज दोन खोल्या, सहा वर्षांनी मागची मोरी आत घेतली जाते, दहा वर्षांनी वर एक खोली चढते, पंधरा वर्षांनी दोघा भावांत मधली भिंत पडते. विटेच्या घराचे खरे सामर्थ्य विटेत नाही. गावातला कोणताही गवंडी ओळंबा आणि थापी घेऊन येतो आणि भिंतीत दार पाडून देतो, यात ते आहे. पॅनेलच्या घरात दार पाडायचे तर त्या भिंतीतून भार कुठून जातो हे माहीत हवे. तीस किलोची पाण्याची टाकी किंवा टीव्ही टांगायचा तर कुठे आत लाकूड वा लोखंड ठेवले आहे हे माहीत हवे. विजेच्या तारांच्या नळ्या आधीच ठरलेल्या असतात. नंतर भिंत खणून तार टाकण्याची सोय नाही. दोन पॅनेलांमधला सांधा भरण्याचा मसाला काही वर्षांनी बदलावा लागतो. तो बदलला नाही तर पाणी आत शिरते, आणि थर्माकोलमध्ये मुंग्या नि उंदीर घर करायला मागेपुढे पाहत नाहीत. कारखान्यातून रंगून आलेल्या पृष्ठभागावर ओरखडा पडला तर तोच रंग दहा वर्षांनी मिळेलच याची हमी नाही. यातले एकही काम अवघड नाही. पण ते येणारा माणूस वरवंडात आहे का, पाटसला आहे का, निदान दौंडला तरी आहे का? पॅनेल निवडताना मी हा प्रश्न सर्वांत वर ठेवीन.

बँकेच्या टेबलावर

माझी उमेदीची वर्षे बँकेत कर्जाच्या फायली वाचण्यात गेली, म्हणून त्या बाजूचेही सांगतो. घरकर्जाचे पैसे आपल्याकडे टप्प्याटप्प्याने सुटतात: जोते झाले की इतके, लिंटेलपर्यंत आले की इतके, स्लॅब पडला की इतके, गिलावा झाला की उरलेले. ही सारी पद्धत विटेच्या घरावर बेतलेली आहे. जागेवर जे उभे आहे त्याच्यावर पैसे, हा तिचा पाया, आणि तो चुकीचा नाही. पण पॅनेलच्या घरात जोते झाल्यावर पुढचे सगळे घर एका ट्रकमध्ये असते आणि कारखाना गाडी सोडण्याआधी रक्कम मागतो. त्या दिवशी जागेवर दाखवायला जोत्याशिवाय काही नसते. मग कर्जदार सावकाराकडे किंवा सोनाराकडे धावतो. स्वस्त घर इथेच महाग होते.

दुसरी अडचण तारणाची. वीस वर्षांच्या कर्जाला घराचे उरलेले आयुष्य त्याहून अधिक हवे, असे इंजिनिअरने लिहून द्यावे लागते. विटेच्या घराबद्दल तो सवयीने लिहितो. पॅनेलच्या घराबद्दल त्याचा हात अडखळतो. मूल्यांकन कमी आले की कर्ज कमी होते, आणि उद्या विकायचे झाले तर गिऱ्हाईक भिंतीवर टिचकी मारून पोकळ आवाज ऐकतो आणि भाव पाडतो. हा पूर्वग्रह असेल. पण बाजारात पूर्वग्रहालाही किंमत असते आणि ती विकणाऱ्याच्या खिशातून जाते.

यावर उपाय नाहीत असे नाही. बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषद ही केंद्र सरकारची संस्था नव्या बांधकाम पद्धती तपासून प्रमाणपत्र देते. असे प्रमाणपत्र असलेल्या पद्धतीसाठी बँकांनी हप्त्यांचे वेगळे कोष्टक करावे, आणि माल जागेवर उतरवून मोजला की थेट कारखान्याच्या खात्यात पैसे जावेत. फायबर सिमेंटच्या सपाट बोर्डांसाठी आय.एस. १४८६२ हे भारतीय मानक आहे. त्याचा उल्लेख नसलेले दरपत्रक बँकेने स्वीकारूच नये. आणि तालुक्यात कारखाना असताना तालुक्याच्या आयटीआयमध्ये पॅनेल जोडण्याचा, सांधे भरण्याचा, दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम का नसावा? गवंड्याचा मुलगा बापाची थापी सोडून कुरकुंभला हेल्पर म्हणून जातो. त्याच्यासाठी हा नवा धंदा गावातच उभा राहू शकतो. पॅनेल गवंड्याचे पोट मारते, ही तक्रार मी ऐकली आहे. गवंड्याला ते शिकवलेच नाही तर ती खरी ठरेल.

तेव्हा वरवंडच्या ज्या गृहस्थाने पैसे हाताशी ठेवून विचार चालवला आहे, त्याला माझे सांगणे इतकेच. जमीन मुरमाड असेल, छपरासाठी पैसे राखून ठेवले असतील, आणि जोडणी करणाऱ्याने पाच वर्षांची दुरुस्ती लेखी पत्करली असेल, तर ही भिंत जरूर घ्या. उन्हाळ्यात म्हातारी माणसे दुपारची झोप घेतील तेव्हा ती घेतल्याचे समाधान वाटेल. यांपैकी एक जरी गोष्ट जुळत नसेल, तर विटेला आणि गावच्या गवंड्याला कमी लेखू नका. विटेच्या घरातही पश्चिमेची भिंत सावलीत ठेवता येते, छपरावर पांढरा चुना मारता येतो, खिडक्या समोरासमोर काढता येतात. आणि हे सारे पॅनेलपेक्षा स्वस्तात होते.

आणि पॅनेलचे घर बांधलेच, तर कामगार निघून जाण्यापूर्वी त्यांच्याकडून एक नकाशा मागून घ्या. कोणती भिंत भार पेलते, तारा कुठून गेल्या आहेत, वजन कुठे टांगता येईल, सांध्यात कोणता मसाला आहे आणि पुढची खोली कोणत्या बाजूला जोडता येईल, हे सगळे त्यावर हवे. तो कागद सातबाऱ्याच्या फायलीतच ठेवा. वीस वर्षांनी भिंतीत दार पाडायला निघालेल्या तुमच्या मुलाला त्याची गरज लागणार आहे.